माळावरचा लांडगा आणि आराखड्यातले एक वाक्य : माण तालुक्यातील एका विद्यार्थी-संशोधनाचा प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्याच्या पूर्व कडेला, माण तालुक्यात, महादेव डोंगररांगेच्या उतारावर पसरलेल्या एका मोठ्या माळावर पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थ्यांनी एक शैक्षणिक वर्ष काम केले. विद्यार्थिनी प्राणिशास्त्राची, तिचा विषय लांडग्याचा आहार. विद्यार्थी वनस्पतिशास्त्राचा, त्याचा विषय गवताळ भागातील वनस्पतींची नोंद. दोघांचे प्रकल्प स्वतंत्र होते आणि मार्गदर्शकही वेगळे होते. तरी दोघांनी एकच माळ निवडला, कारण विद्यार्थिनीचे आजोळ तिथे होते आणि राहण्याजेवणाची सोय सहज झाली. विद्यापीठातल्या पुष्कळ प्रकल्पांची क्षेत्रे अशीच ठरतात. फक्त प्रबंधात ते कारण लिहिण्याची पद्धत नाही.

प्रस्तुत लेखक या प्रकल्पांचे आराखडे तपासणाऱ्या समितीत होता. गावाचे, महाविद्यालयाचे आणि विद्यार्थ्यांचे नाव येथे दिलेले नाही. लांडगा हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे आणि त्याच्या विणीच्या जागा जितक्या कमी लोकांना कळतील तितके बरे.

विद्यार्थिनीच्या आराखड्याच्या प्रस्तावनेत एक वाक्य होते : ‘पूर्वी या भागात असलेल्या घनदाट वनांचा ऱ्हास झाल्यामुळे येथील लांडगे पाळीव जनावरांकडे वळले आहेत.’ वाक्याला संदर्भ जोडलेला नव्हता. असली वाक्ये प्रस्तावनांमध्ये इतक्या वेळा येतात की वाचणाराही त्यांच्यावरून पुढे सरकतो. समितीतल्या भूगोलाच्या प्राध्यापकांनी मात्र तिथेच बोट ठेवले आणि विचारले, ‘इथे घनदाट वन होते, हे कशावरून?’ विद्यार्थिनीचे उत्तर प्रामाणिक होते : ‘सर, सगळे तसेच म्हणतात.’

हे एक वाक्य तपासण्यात दोन्ही प्रकल्पांचे बरेचसे वर्ष गेले, आणि त्या तपासाचीच ही नोंद आहे. वाक्य खरे असेल तर माणमधला लांडगा हा उजाड झालेल्या रानातून बाहेर पडलेला निर्वासित ठरतो, त्याने शेळी उचलणे हे बिघाडाचे लक्षण ठरते आणि त्यावरचा उपाय म्हणजे झाडे लावणे. वाक्य खोटे असेल तर लांडगा आपल्याच मुलखात आहे आणि त्याचा मुलूख मोडणाऱ्या गोष्टींमध्ये वृक्षारोपणाचाही समावेश होऊ शकतो. विष्ठेत सापडणारे शेळीचे केस दोन्ही बाजूंनी तेवढेच ‘पुरावा’ म्हणून वापरता येतात. त्यातच त्या वर्षी ग्रामपंचायतीपुढे गायरानावर आणि लगतच्या टेकडीवर सलग समतल चर खोदून रोपे लावण्याचा प्रस्ताव आलेला होता. त्यामुळे प्रश्न प्रबंधापुरता राहिला नाही.

माळ

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माणमध्ये तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख खाली बेसाल्टचा, वर मुरमाचा आणि त्यावर जेमतेम वीतभर मातीचा आहे. पवना, शेडा, मारवेल आणि कुसळी ही इथली मुख्य गवते. झाडे विरळ आणि बहुतेक काटेरी : हिवर, बाभूळ, बोर, खैर, तरटी. ओढ्याकाठी मात्र करंज, उंबर, जांभूळ अशी दाट सावली दिसते, आणि ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. माळावर खोकड, लांडगा, ससा, घोरपड, धाविक, माळटिटवी, पखुर्डी आणि चंडोलांच्या जाती नांदतात.

कागदोपत्री हा माळ एक नाही. काही भाग गायरान, काही वनखात्याच्या ताब्यातला, तर काही मालकीचा पण पिढ्यान्‌पिढ्या न नांगरलेला. मध्येमध्ये १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांतून घातलेले बांध अजून दिसतात. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तळ, पश्चिमेकडे, घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ते परतले की माळावर रात्री मेंढरे कोंडायच्या वाघरी (जाळ्या) पुन्हा लागतात. लांडग्याचे वर्ष या येण्याजाण्याशी बांधलेले आहे, हे विद्यार्थिनीला ग्रंथालयात नव्हे, तर आजोळच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध मेंढपाळाकडून समजले. तिने त्यांना विचारले होते, ‘आबा, लांडगे इकडे कधीपासून यायला लागले?’ त्यावर आबांनी उलटच विचारले, ‘पोरी, लांडगं इथं कवा नव्हतं?’

हे उत्तर पुरावा म्हणून लिहिता येईल का, यावर समितीत मतभेद झाले. एका माणसाची आठवण म्हणून ते लिहावे, काळाचा पुरावा म्हणून नको, असे अखेर ठरले, आणि मला ते योग्य वाटते. माणसाची आठवण फार तर आजोबांनी सांगितलेल्या गोष्टींपर्यंत मागे जाते. इथे हवी होती त्यापलीकडची नजर.

‘पडीक’ हा शेरा कुठून आला

सगळे ‘तसेच’ का म्हणतात, हे आधी पाहावे लागले. महसुली व्यवस्थेत ज्या जमिनीवर पीक नाही आणि इमारती लाकूडही नाही ती पडीक, ही धारणा ब्रिटिश अंमलात पक्की झाली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साह्याने काढलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी आणि गवताळ जमिनीचे मोठे क्षेत्र ‘पडीक’ या सदरात येते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था एक हेक्टरपेक्षा मोठ्या क्षेत्रावर दहा टक्क्यांहून अधिक पर्णछत्र असेल तर त्याला वनाच्छादन मानते. त्याखालचे झुडपी रान. हे वर्गीकरण मोजणीच्या सोयीसाठी केलेले आहे आणि त्या मर्यादेत ते ठीक आहे. गडबड होते ती कमी पर्णछत्राचा अर्थ ‘कमी झालेले’ पर्णछत्र असा घेतला जातो तेव्हा. दहा टक्क्यांखालचा माळ पूर्वी साठ टक्के होता की कायमच पाच टक्के, हे उपग्रहाच्या एका चित्रातून कळू शकत नाही.

पुराव्यांचा पल्ला

वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी इथून या कामात ओढला गेला. त्याने प्रथम जे पुरावे गोळा केले ते सगळे एकाच दिशेने बोट दाखवतात असे त्याला वाटत होते. एकेक पुरावा किती काळापर्यंत आणि किती क्षेत्रापर्यंत बोलू शकतो, हे तपासल्यावर चित्र गुंतागुंतीचे झाले. या प्रकरणाचा सर्वांत उपयोगी भाग तोच आहे, म्हणून त्यावर अधिक लिहितो.

सर्वांत आकर्षक पुरावा कास पठाराचा होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कासवरील हंगामी तळ्याच्या गाळाचा अभ्यास केला आहे. तो गाळ सुमारे आठ हजार वर्षे मागे नेतो, आणि त्यातील परागकण व करंडकवनस्पतींच्या (डायअ‍ॅटम, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म शैवलांच्या) अवशेषांवरून पावसाळ्याच्या बळात झालेले चढउतार वाचता येतात. होलोसीनच्या, म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरच्या काळाच्या, पूर्वार्धात आणि नंतर साधारण २,८०० वर्षांपूर्वी हवामान कोरडेपणाकडे झुकल्याच्या खुणा त्यात आहेत. अलीकडच्या सुमारे हजार वर्षांत प्रदूषण सोसणाऱ्या करंडकवनस्पती वाढलेल्या दिसतात आणि त्याचा संबंध परिसरातील माणसांच्या व गुराढोरांच्या वावराशी जोडलेला आहे. सातारा जिल्ह्यातलीच जागा आणि आठ हजार वर्षांचा काळ, म्हणून विद्यार्थ्याने ते निष्कर्ष सरळ माणला लावले.

तसे करता येत नाही. कास हे समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवरचे, जांभ्या खडकाचे, सह्याद्रीच्या माथ्यावरचे पठार आहे आणि तिथला पाऊस माणच्या कित्येक पट आहे. पावसाळा क्षीण झाला हे कास सांगू शकते, कारण पावसाळा दोन्हीकडचा एकच; पण त्या क्षीण पावसाळ्यात माणमध्ये कोणती झाडे उभी होती हे कास सांगू शकत नाही. जिल्हा हा प्रशासनाचा घटक आहे, परिसंस्थेचा नव्हे. बंगालच्या उपसागरातल्या, गोदावरीच्या मुखासमोरील गाळाबाबतही हेच लागू पडले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोदावरीच्या खोऱ्यात साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासून रुक्षता सोसणाऱ्या वनस्पती वाढत गेल्याचे कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमीअधिक वजनाच्या अणूंवरून) दाखवले आहे. पण माणगंगा भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. माणच्या मातीचा एक कणही गोदावरीच्या मुखाशी पोहोचत नाही. शेजारच्या खोऱ्याची सरासरी म्हणून तो अभ्यास उद्धृत करता येतो, त्याहून अधिक नाही.

समस्थानिकांची पद्धत स्वतःच्या माळावर वापरावी, अशी विद्यार्थ्याची पुढची कल्पना होती. झाडे आणि उष्ण प्रदेशातली गवते हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीने बांधतात, त्यामुळे त्यांच्या ऊतींमध्ये कार्बन-१३ चे प्रमाण वेगळे राहते : झाडांमध्ये ते प्रमाणित नमुन्याच्या तुलनेत दर हजारी उणे २७ च्या आसपास, तर अशा गवतांमध्ये उणे १२-१३ च्या आसपास. मातीतला जुना सेंद्रिय कार्बन ही खूण जपून ठेवतो. कल्पना उत्तम होती, पण एक अडचण आली आणि ती शहरातल्या कोणाच्याही आधी विद्यार्थिनीच्या मामांच्या लक्षात आली : ज्वारी आणि बाजरीही गवतेच ना? खरेच, ज्वारी, बाजरी आणि ऊस ही तिन्ही पिके त्याच दुसऱ्या गटात बसतात. म्हणजे जिथे शेकडो वर्षे जोंधळा पेरला गेला ती माती आणि जिथे पवना वाढला ती माती, या पद्धतीने पाहता एकसारखीच दिसणार. गहू-भाताच्या प्रदेशात जे निदान स्वच्छ होते ते ज्वारीच्या मुलखात संदिग्ध राहते. जगभरच्या शोधनिबंधांतून पद्धत उचलताना आपल्या शिवारात काय पिकते हे पाहिले नाही तर असे होते.

परागकणांची वाटही फार पुढे गेली नाही. हवा खेळणाऱ्या, उन्हाने तापणाऱ्या, चुनखडीयुक्त मातीत परागकण टिकत नाहीत. त्यांना पाणथळ, प्राणवायूविरहित गाळ लागतो आणि माळावर तो नसतो. शिवाय रानगवतांचे परागकण एकमेकांपासून वेगळे ओळखणे जवळपास अशक्य आहे. त्यापेक्षा गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे सूक्ष्म कण अशा मातीत जास्त तग धरतात आणि त्यांच्या डमरूसारख्या किंवा खोगिरासारख्या आकारांवरून गवतांचे गट सांगता येतात. त्यासाठी माळावरची उथळ माती कामाची नव्हती. ओढ्याने कापलेल्या दरडीत, जिथे थरावर थर दिसत होते, तिथून नमुने घेतले गेले.

प्राचीन प्राण्यांचे अवशेष हा पुराव्याचा आणखी एक प्रकार. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली आहेत. त्यांचे वय सुमारे पंचवीस हजार वर्षे मानले जाते. शहामृग दाट वनात राहणारा पक्षी नव्हे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत, म्हणजे इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात, काळवीट आणि चितळ या दोघांचीही हाडे मिळाली. काळवीट मोकळ्या मैदानाचा, चितळ झाडोऱ्याच्या आश्रयाचा. इनामगाव घोड नदीकाठी, म्हणजे भीमेच्याच खोऱ्यात असल्यामुळे माणसाठी ते पाटण्यापेक्षा जवळचे. या जोडीवरून निघणारे अनुमान मला सर्वांत भरवशाचे वाटते : नदीकाठी झाडी, वरच्या सपाटीवर गवत, असे ठिगळांचे रान. ‘वन होते की माळ होता’ या प्रश्नापेक्षा ‘कुठे वन आणि कुठे माळ’ हा प्रश्न अधिक बरोबर, हे इथपासून दोन्ही विद्यार्थ्यांनी मान्य केले.

ओव्या, अभंग आणि काटेरी झाडे

मराठी वाचकाला विशेष रस वाटेल असा पुरावा साहित्याचा आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम महाराष्ट्राशी संबंधित जुने मराठी वाङ्‌मय, चरित्रग्रंथांपासून ओव्या-लोकगीतांपर्यंत, वनस्पतींच्या उल्लेखांसाठी वाचले. त्यातले सर्वांत जुने साहित्य तेराव्या शतकापर्यंत जाते. त्यांना रानटी वनस्पतींच्या ४४ जातींचे उल्लेख मिळाले; त्यांपैकी २७ जाती विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशाच्या, १४ दोन्हीकडे आढळणाऱ्या आणि फक्त ३ वनांच्या होत्या. म्हणजे इंग्रजांची लाकूडतोड सुरू होण्याच्या कितीतरी शतके आधी या भागातल्या माणसाच्या बोलण्यात हिवर, बाभूळ, तरटी, बोर होती. माणमधले शिखर शिंगणापूर ज्या डोंगररांगेवर आहे तिच्या भोवतीच्या कथागीतांत अशी काटेरी झाडे वारंवार भेटतात, हे ज्याने चैत्रात कावडी पाहिल्या आहेत त्याला नवल वाटणार नाही.

विद्यार्थ्याने हा अभ्यास वाचून आजोळच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेण्यास सुरुवात केली, आणि इथे मार्गदर्शकांनी त्याला थोडे आवरले. कवीची नजर काही समान अंतरावर आखलेल्या चौकोनांतून फिरत नाही. पायात काटा मोडला की बोर आठवते, देवाला वाहायची म्हणून एखादी वनस्पती गीतात शिरते, आणि चंदन तर कुठेही येते, मग त्या गावात चंदनाचे एकही खोड नसो. मूळ अभ्यासाचे बळ एकेका उल्लेखात नाही. जातींच्या एकूण कलात आहे, आणि जुनी चित्रे, छायाचित्रे यांसारख्या इतर नोंदींशी तो कल जुळतो यात आहे. एका गावातल्या ओव्या हे बळ देऊ शकत नाहीत. विद्यार्थ्याने त्या परिशिष्टात ठेवल्या. माझ्या मते त्या तिथेही शोभून दिसतात.

ब्रिटिशकालीन नोंदींपैकी एक इथे सांगण्यासारखी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३१ साली भारतीय लांडग्याचे शास्त्रीय वर्णन ‘कॅनिस पॅलिपेस’ या नावाने केले, ते दख्खनमधल्या लांडग्यांवरूनच. पुढच्याच वर्षी त्यांनी इथल्या टेकडी चंडोलाचे वर्णन केले. दोन्ही उघड्या माळाचे रहिवासी. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी भारतीय लांडगा ही जगातल्या करड्या लांडग्यांची एक अतिशय जुनी व वेगळी शाखा असल्याचे दाखवले आहे. सरड्यांकडे पाहिले तरी तेच : २०१६ साली गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांच्या एका गटाला ‘सरडा’ हेच प्रजातिनाम मिळाले, आणि त्यातील एका जातीचे वर्णन साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरील नमुन्यांवरून झाले. केवळ मोकळ्या जागीच राहणारे आणि दुसरीकडे कुठेही न सापडणारे जीव शंभर-दोनशे वर्षांच्या लाकूडतोडीतून निर्माण होत नाहीत.

सातबाऱ्याचा उपयोग

पण हा माळ, हाच, जुना आहे का? दख्खनमध्ये प्राचीन गवताळ प्रदेश होते हे मान्य केले तरी समोरचा तुकडा कधीकाळी नांगरून सोडलेले शेत असू शकते. महाराष्ट्रात दुष्काळांनी गावे ओस पडल्याच्या आठवणी आहेत आणि ओस शेतावरही गवत वाढतेच.

नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० साली जगभरातल्या आकडेवारीवरून दाखवले होते की एकदा मोडलेल्या गवताळ जमिनीवर पुन्हा आलेल्या गवतात मूळ जुन्या गवताळ प्रदेशापेक्षा सरासरी ३७ टक्के कमी वनस्पतिजाती असतात आणि ही तूट भरून यायला किमान शतक, बहुधा सहस्रके लागतात. कारण सरळ आहे : जमिनीखाली कंद, गाठी किंवा जाड मुळे घेऊन बसणाऱ्या बहुवर्षायू वनस्पती हळू पसरतात आणि नांगर त्यांना उपटून टाकतो. विद्यार्थ्याने तलाठ्याकडून गटवार सातबारे आणि जुन्या पीकपाहणीचे उतारे मिळवले. ज्या गटांवर ‘गवत पड’ अशी सलग नोंद होती ते एका बाजूला ठेवले, ज्यांवर मध्येच ज्वारी-मटकी दिसत होती ते दुसऱ्या बाजूला, आणि पावसाळ्यात दोन्हीकडे आखणी करून वनस्पती मोजल्या.

कधीच न नांगरलेल्या गटांवर खर्पुडी, मुसळी आणि पवना सोबतीने आढळले. पूर्वी पेरलेल्या गटांवर कुरडू, गाजरगवत आणि कुसळीचे राज्य होते. १९७२ चे बांध जिथे घातले त्या पट्ट्यांतही कंदवर्गीय वनस्पती तुरळकच होत्या, म्हणजे पन्नास वर्षांत त्या परतल्या नाहीत. सातबारा हा काही परिसंस्थेच्या इतिहासाचा दस्तऐवज म्हणून कोणी लिहिलेला नाही आणि त्यातली पीकपाहणी कधीकधी चावडीत बसूनही भरली जाते. तरीही या प्रकल्पातला तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी पुरावा ठरला. पुढच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेची यादी करण्याआधी तलाठी कार्यालयात जावे, अशी माझी शिफारस आहे.

लांडग्याकडे परत

विद्यार्थिनीने दरम्यान आपले वाक्य बदलले होते : ‘काळवीट आणि चिंकारा माळावरून नाहीसे झाल्यामुळे लांडगे पाळीव जनावरांकडे वळले आहेत.’ ऐकायला हे जास्त समंजस वाटते. पण ‘वळले’ या क्रियापदात आधीची एक स्थिती गृहीत आहे, आणि तिचा पुरावा याही वेळी नव्हता. या मुलखात मेंढपाळी फार जुनी आहे. लांडगा आणि मेंढी एकमेकांना शेकडो पिढ्या ओळखतात. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात, जिथे काळवीट आहेत, तिथेही लांडग्यांचे पाळीव जनावरांवरील हल्ले १९९० च्या दशकातील अभ्यासांचा विषय झाले होते. वाक्य पुन्हा परत गेले.

अखेर तिने काळाविषयीचा दावा सोडून दिला आणि जागांची तुलना हाती घेतली. यासाठी नमुना म्हणून चाळकेवाडीवरचा अभ्यास समोर होता. मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या त्या कामात पवनचक्क्या असलेल्या व नसलेल्या पठारी जागा शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या होत्या. पवनचक्क्यांच्या जागी शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी होते, परिणामी सरडे वाढले होते, आणि त्या सरड्यांच्या शरीरातील ताणाची संप्रेरके व वागणूकही बदललेली होती. आधीची स्थिती ठाऊक नसतानाही, एक गोष्ट सोडून बाकी सारख्या असलेल्या जागा निवडल्या की प्रश्नाला उत्तर मिळू शकते, हा त्यातला धडा. विद्यार्थिनीने न नांगरलेला माळ, सोडलेली शेते आणि पूर्वी चर खोदून गिरिपुष्प लावलेला एक जुना पट्टा, अशा तीन प्रकारच्या जागा घेतल्या. विष्ठा, माग आणि बिळे यांच्या नोंदी तिन्हीकडे एकाच पद्धतीने केल्या.

विष्ठेतले केस धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या बाह्यावरणाची नक्षी व आतला गाभा पाहून प्राणी ओळखले जातात. शेळी-मेंढीचे केस सर्वत्र अधिक होते. न नांगरलेल्या माळावर ससा आणि उंदीर यांचे प्रमाण तुलनेने वाढलेले दिसले. यात एक सावधगिरी आहे जी तिने स्वतःहून नोंदवली : विष्ठेतल्या केसांवरून प्राणी मारला की मेलेला खाल्ला हे कळत नाही, आणि मेलेली जनावरे गावाबाहेर टाकण्याची रीत इथे आहे. म्हणून मेंढपाळांच्या नुकसानीचा आकडा विष्ठेवरून काढण्याचा मोह तिने टाळला. अनेक शोधनिबंधांत तो टाळला जात नाही.

खोकडाची बिळे न नांगरलेल्या मुरमाड सपाटीवर होती आणि चरांच्या पट्ट्यात एकही आढळले नाही. धाविक आणि माळटिटवीच्या बाबतीतही तेच. एका हंगामाच्या, एका माळाच्या नोंदींवरून यापुढे जाता येणार नाही आणि ती गेली नाही.

सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर अभयारण्यही तुलनेसाठी पाहिले गेले, त्याचा उल्लेख इथे हवा. १९८५ साली घोषित झालेले, सुमारे ११ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून उभे राहिले. उघड्या डोंगरावर झाडे लावून त्यात सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले गेले. त्या काळात, त्या साधनांत केलेले ते काम मोठे आहे. पण काळविटासारखा धावणारा, दूरवर नजर ठेवणारा प्राणी वाढत्या झाडीत आणि कुंपणात कितपत रमतो, हा प्रश्न तिथे फिरताना पडतोच. तिथे गेल्यावरच विद्यार्थिनीला ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द कोणत्या काळाकडे परतण्यासाठी वापरायचा, हे आधी सांगावे लागते, असे वाटले.

ग्रामसभा

दोघांनी मिळून मराठीत दोन पानी टिपण केले आणि ते ग्रामसभेत वाचले. टिपणात झाडे लावू नका असे म्हटले नव्हते. ओढ्याकाठी करंज, उंबर, जांभूळ लावावेत, सोडलेल्या शेतांच्या बांधांवर बोर-बाभूळ येऊ द्यावी, आणि न नांगरलेल्या गटांवर चर खोदू नयेत, एवढेच होते. चर एकदा खोदला की कंद गेले, आणि ते सध्याच्या कोणाच्याही हयातीत परत येणार नाहीत, हे कारण दिलेले होते.

ग्रामसभेत शहामृगाच्या अंड्यांवर कोणी बोलले नाही. मेंढपाळ कुटुंबांनी एवढेच विचारले की चर खोदून कुंपण घातले तर पावसाळ्यात मेंढरे कुठे चारायची. ते एक कारण पुरेसे ठरले. न नांगरलेल्या गायरानावरचा प्रस्ताव मागे पडला. वनखात्याच्या ताब्यातल्या टेकडीवर मात्र ठरल्याप्रमाणे चर खोदले गेले, कारण तो निर्णय ग्रामसभेच्या हातात नव्हता. विद्यार्थ्यांच्या कामाने निर्णय फिरला असे प्रबंधात लिहिण्याची सूचना आली होती. दोघांनीही ती नाकारली.

विद्यार्थिनीच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत आता असे वाक्य आहे : ‘अभ्यासक्षेत्रातील न नांगरलेले गट हे जुन्या गवताळ प्रदेशाचे अवशेष असण्यास वनस्पतींचा आधार आहे, लांडग्याच्या आहारात काळानुरूप बदल झाला का, हे या अभ्यासातून सांगता येत नाही.’ बाह्य परीक्षकांनी दुसऱ्या अर्ध्याला ‘नकारात्मक’ म्हटले आणि तरीही गुण चांगले दिले. दरडीतल्या थरांचे नमुने विभागात नोंद करून ठेवले आहेत. कार्बन-१४ चे कालमापन एका महाविद्यालयीन प्रकल्पाच्या खर्चात बसत नाही, म्हणून पुढच्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याला आधी फक्त सिलिकेचे कण वेगळे करून त्यांचे आकार मोजण्याचे काम दिले आहे. टेकडीवर नुकत्याच खोदलेल्या चरांच्या दोन्ही बाजूंना वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने खुणेचे दगड पुरले आहेत, म्हणजे यापुढे दर पावसाळ्यात त्याच चौकोनांत मोजणी करता येईल.